वजीर कीं राणी?

१९९१ सालीं मेगा ड्राइव्ह यंत्रासाठीं निघालेल्या 'झीरो विंग' ह्या जपानी व्हिडिओ गेमचें इंग्रजी भाषांतर व्याकरणदोषांमुळें जगभर हास्यास्पद झालें. असली चूक हसण्यावारी जाते. कानाला न खुपणारी मात्र घर करून बसते. बुद्धिबळाचेंच पाहा. फारसी 'फर्जीन' म्हणजे प्रधान. युरोपांत त्याची राणी झाली. 'फील' म्हणजे हत्ती. फ्रेंचांनीं त्याचा 'फू', म्हणजे विदूषक, केला! मराठी पटावर वजीर टिकला. (आमचा उंट कोठून आला, हा प्रश्न निराळा.) आतां पनवेलचीं मुलें पडद्यावर खेळतांना 'क्वीन'ला 'राणी' म्हणतात. भाषांतर शब्दशः बिनचूक. पण युरोपाची जुनी चूकच त्यानें घरीं आणली. परवां एका विद्यार्थ्याला मीं हटकलें. तो नम्रपणें म्हणाला, "सर, वजीर म्हणजे कोणतें मोहरें?"