नाममुद्रा आणि नक्कल : नारायणगावच्या वगांच्या निमित्ताने

‘नक्कल’ आणि ‘चोरी’ हे दोन शब्द मराठीत समानार्थी कधीच नव्हते. तहसील कचेरीत नक्कल म्हणजे मूळ दस्तऐवजाशी ताडून दिलेली, विश्वासास पात्र अशी प्रत. तमाशाच्या बोर्डावर नक्कल म्हणजे सोंगाड्याने पाटलाची, सावकाराची वा फौजदाराची हुबेहूब काढलेली छबी. पहिल्या अर्थी नक्कल हा पुरावा आहे, दुसऱ्या अर्थी ती कला आहे. आंतरजालावरील देवघेवीविषयी गेली पंचवीस वर्षे जो वाद चालू आहे, त्यात मात्र प्रत्येक नक्कल ही एक तर चोरी ठरविली जाते, नाही तर लोकांचा जन्मसिद्ध हक्क. प्रस्तुत लेखात या वादाची तपासणी जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत नांदणाऱ्या एका वाङ्मयप्रकाराच्या कसोटीवर करावयाची आहे. तो प्रकार म्हणजे तमाशातील वग.

प्रथम वादाचे स्वरूप पाहू. २००१ साली ‘नॅपस्टर’ ही गीतांच्या परस्पर देवघेवीची सेवा अमेरिकेतील न्यायालयाच्या आदेशामुळे बंद पडली. जानेवारी २०१२ मध्ये ‘मेगाअपलोड’ हे साठवणुकीचे संकेतस्थळ अमेरिकन शासनाने बंद केले. त्याबरोबर ज्यांनी स्वतःचेच कागद तेथे ठेवले होते त्यांनाही ते दुरावले. आपल्याकडे पाच लाखांहून अधिक ग्रंथांच्या प्रतिमा असलेले ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हे सार्वजनिक ग्रंथभांडार २०१७ च्या सुमारास प्रताधिकारविषयक आक्षेपांमुळे वाचकांना बंद झाले. ‘साय-हब’ या शोधनिबंध खुले करणाऱ्या संकेतस्थळाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि २०२५ साली ते भारतात रोखण्याचा आदेश झाला. प्रत्येक वेळी एका पक्षाने ‘लेखकाचा घास हिरावला’ असे म्हटले आणि दुसऱ्याने ‘ज्ञानाची वाट अडविली’ असे म्हटले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्षांचे एक गृहीतकृत्य समान आहे : कृती ही एक निश्चित, संपलेली वस्तू असून तिचा मालक कोण हे ठाऊक असते. हे गृहीतकृत्य छापील ग्रंथाला लागू पडते. वगाला ते लागू पडत नाही.

पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगावास ‘तमाशापंढरी’ म्हणतात, ते केवळ कौतुकाने नव्हे. चैत्रातील यात्रांचा हंगाम तोंडावर आला की फडमालकांच्या राहुट्या तेथे पडतात. गावोगावचे पंच येतात, फडांची चौकशी करतात, सुपारी ठरते, विसार दिला जातो, कागद होतो. जुन्नर-आंबेगावच्या यात्रांतील तमाशे तेथेच ठरतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील दूरदूरच्या गावांचेही. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड आणि पुढे विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांची कारकीर्द यांनी या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. सारांश, येथे जी वस्तू विकली जाते ती प्रत नव्हे. एका रात्रीचा खेळ होय.

त्या खेळाची घडण ध्यानात घेतली पाहिजे. गण, गवळण, बतावणी आणि वग हा त्याचा सर्वपरिचित क्रम. वगाचे कथानक व पदे बांधलेली असतात. परंतु संवादांचा मोठा भाग नट ऐनवेळी रचतो. ज्या गावात खेळ असेल त्या गावचा पाणीप्रश्न, तेथील निवडणूक, समोर बसलेला पाटील हे सारे त्या रात्रीपुरते वगात येते. उद्याच्या गावी दुसरेच येते. आता १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाकडे वळावे. त्यातील नाट्यकृतीची व्याख्या अशी, की तिची रचना वा अभिनयरूप लेखनाने अथवा अन्य रीतीने निश्चित झालेले असावे. म्हणजे वगातील जो भाग सर्वांत जिवंत, तोच या व्याख्येच्या बाहेर राहतो. उलट चलच्चित्राचा ‘कर्ता’ म्हणून हाच अधिनियम निर्मात्यास मान्यता देतो. सोंगाड्याने रात्रभर बुद्धी खर्चून जे निर्माण केले ते अनिश्चित म्हणून निराधार; आणि मंडपाच्या खांबाशी उभा राहून ज्याने ते मोबाइलवर उतरविले त्याच्या हाती मात्र एक निश्चित वस्तू, असा हा विपर्यास आहे. ‘प्रताधिकार’ या शब्दातच त्याचे मूळ आहे. तो प्रतीवरील अधिकार होय. जेथे प्रतच नाही तेथे तो मुका होतो.

मग या परंपरेने आपल्या कर्त्याचे रक्षण कसे केले? तिने दोन उपाय योजिले. पहिला उपाय बाडाचा. शाहीर आपल्या रचना बाडात लिहीत आणि ते बाड सहजासहजी परक्याच्या हाती पडू देत नसत. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा उपाय नाममुद्रेचा. लावणीच्या शेवटच्या कडव्यात कर्त्याचे, त्याच्या गुरूचे, कधी गावाचे व साथीदाराचेही नाव गुंफले जाई. पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांची लावणी कोणत्याही फडाने गायिली तरी अखेरीस बापूरावांचे नाव उच्चारल्याखेरीज ती पुरी होत नसे. गाणे कितीही मुखांतून गेले तरी नाव त्याच्याबरोबर जाई. हाच उपाय संतांनी केला होता. ज्या ओतूर गावी तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी दाखविली जाते, ते याच जुन्नर तालुक्यात आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडविली गेली तरी लोकांच्या मुखी ती तरली, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचा एक अर्थ असा, की अनेक प्रतींत व अनेक मुखांत पसरलेली कृती एका ठिकाणी बंद करून नष्ट होत नाही. आणि दुसरा असा, की पसरतानाही तिचा कर्ता हरवला नाही, कारण त्याचे नाव प्रत्येक अभंगात होते.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. नाममुद्रेने फसवणूकही झाली. थोरांच्या नावाखाली इतरांच्या रचना खपल्या, आणि तुकोबांच्या नावावरील अभंगांतून अस्सल कोणते हे ठरविण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. जेथे नाव पद्यात गुंफता येत नाही तेथे ही व्यवस्था अपुरीच पडते. ‘गाढवाचं लग्न’ हा वग दादू इंदुरीकरांच्या नावाने सर्वांना ठाऊक आहे. तो लिहिणाऱ्या हरिभाऊ वडगावकरांचे नाव किती रसिकांना आठवते? याउलट १९६५ साली रंगभूमीवर आलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’चे लेखक वसंत सबनीस आहेत याविषयी कोणालाही संदेह नाही. दोन्ही कृतींचे कूळ तमाशाचेच. फरक इतकाच, की एक फडाच्या मार्गाने आली आणि दुसरी छापील संहितेच्या. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये : नाव राहिले म्हणजे पोट भरले असे होत नाही. विठाबाईंचे नाव अजरामर झाले, २००६ पासून राज्यशासन त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कारही देते. परंतु त्यांचे अखेरचे दिवस विवंचनेत गेले. त्यांच्या भराच्या काळात कायद्याच्या दृष्टीने प्रयोग करणाऱ्या कलावंतास स्वतंत्र हक्कच नव्हता. देव आनंद यांच्याशी संबंधित दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस असाच निर्णय दिला होता, की नटास आपल्या अभिनयावर प्रताधिकार नाही. कलावंताचा हक्क अधिनियमात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने.

ही दुरुस्ती वाचण्यासारखी आहे. ‘कलावंत’ या संज्ञेत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडी यांचाही नामनिर्देश आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंतास आपल्या प्रयोगाचे मुद्रण करू देण्याचा वा न देण्याचा अधिकार दिला. तसेच प्रयोगाचा कर्ता म्हणून आपले नाव लावले जावे, हा नैतिक हक्कही दिला. नाममुद्रेचे तत्त्व अखेर कायद्याच्या पुस्तकात आले, असे म्हणता येईल. तथापि व्यवहारात ते उतरले काय? यूट्यूबवरील तमाशाचे तुकडे पाहिले असता अनेकदा वाहिनीचे नाव ठळक आढळते. ढोलकी कोणाची, सोंगाड्या कोण, वग कोणाचा, यांचा उल्लेख नसतो. दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत तर ध्रुपद व पहिले कडवे घेतले जाते आणि शेवटचे कडवे गळते. कर्त्याचे नाव त्या शेवटच्या कडव्यातच असते! जुन्या नकलाकाराने गाणे उचलले तरी नाव त्याला टाळता येत नसे. नव्या नकलाकाराने कात्री नेमकी नावावरच चालविली आहे, बहुधा नकळत.

फडमालकांची तक्रार याहून वेगळी आणि तितकीच खरी आहे. वर्षभर रचलेली बतावणी हंगामाच्या पहिल्याच यात्रेत मुद्रित होऊन फिरू लागली, तर पुढच्या गावी विनोद शिळा होतो; आणि ‘हा वग आम्ही पाहिला आहे’ असे पंचांनी म्हटले की सुपारी उतरते. ज्याची उपजीविका केवळ प्रयोगावर आहे त्याला प्रतीचा प्रसार म्हणजे प्रसिद्धी, हा युक्तिवाद पटविणे कठीण आहे.

मग ती मुद्रणे बंद करावीत काय? आजची व्यवस्था हेच एक उत्तर देते. भारतीय कायद्यानुसार हक्कधारकाची लेखी तक्रार आल्यास सामग्री २१ दिवस रोखावी लागते, आणि त्या अवधीत न्यायालयाचा आदेश न आल्यास ती पुन्हा खुली करता येते. यूट्यूबच्या स्वतःच्या नियमांनुसार तीन तक्रारी टिकल्यास अख्खी वाहिनीच जाऊ शकते. तिच्यावरील निर्विवाद सामग्रीसुद्धा. अशी तक्रार करण्याची सवड आणि साधने ध्वनिमुद्रण कंपन्यांजवळ असतात. हंगामात रोज नव्या गावी तंबू ठोकणाऱ्या फडाजवळ ती क्वचितच असतात. शिवाय अशा बंदीने नाव परत मिळत नाही, मोबदलाही मिळत नाही; केवळ प्रत जाते. आणि येथे अभ्यासकाने सावध झाले पाहिजे. ग्रंथभांडार बंद झाले तरी त्यातील ग्रंथ कोठे तरी कपाटात असतो. एखाद्या रात्रीच्या वगाचे अनधिकृत मुद्रण पुसले गेले, तर त्या वगाचा जगातील एकमेव पुरावा नाहीसा होऊ शकतो. ज्यांनी ते केले त्यांनी हक्क मोडला असेल. परंतु विद्यापीठांनी जे काम करावयास हवे होते ते काही अंशी त्यांच्याच हातून झाले आहे, हे अप्रिय सत्य आहे.

तेव्हा प्रश्न ‘नक्कल असावी की नसावी’ असा मांडणे चूक आहे. ती नक्कल कोणत्या अर्थाची, हा खरा प्रश्न होय. कचेरीतील नक्कल विश्वसनीय ठरते ती तिच्यावर मूळ कशाचे आहे हे लिहिलेले असते म्हणून. वगाच्या प्रतीलाही हीच अट लावावी. त्यासाठी नव्या अधिनियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. नारायणगावच्या राहुटीत सुपारीचा कागद होतोच; त्यात चार कलमे वाढवावीत. खेळाचे मुद्रण करावयाचे की नाही. केल्यास ते हंगाम संपल्यावरच प्रसृत करावे. त्यावर वगकर्त्याचे, सोंगाड्याचे, गायिकांचे व वादकांचे नाव असावे आणि उत्पन्न झाल्यास फडाचा वाटा किती. आणि एक प्रत फडाकडे व एक प्रत अभ्यासासाठी एखाद्या विद्यापीठाकडे जमा व्हावी. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला दिलेले हक्क लेखी कराराशीच निगडित आहेत. तो करार दिल्लीत वा परदेशात नव्हे, तर पंच आणि फडमालक समोरासमोर बसतात तेथेच होऊ शकतो.

यातील चौथ्या कलमाची जबाबदारी आपल्यासारख्या विभागांवर येते. मराठी विभागांनी संतांची हस्तलिखिते जमविली, शाहिरांची बाडे शोधली, पाठभेद नोंदविले. वगाचे पाठभेद मात्र आज लोकांच्या मोबाइलमध्ये पडून आहेत, आणि त्या प्रतींवर नावे नाहीत. ज्या कलावंतांनी ते वग केले त्यांतील जुनी मंडळी हयात आहेत तोवर कोणता आवाज कोणाचा, हे त्यांना विचारून लिहून घेता येईल. त्यानंतर उरतील त्या केवळ निनावी प्रती. त्या बंद केल्या काय आणि खुल्या ठेवल्या काय, कर्त्याच्या दृष्टीने सारखेच.