गोल्फचं पाणी आणि बीडची तहान : एका तुलनेची तपासणी

दुष्काळ पडला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "इकडे माणसं टँकरच्या रांगेत, आणि तिकडे श्रीमंतांच्या गोल्फला पाणी!" भाषणात ते टाळ्या घेतं. पण हेच वाक्य पीएचडीच्या आराखड्यात गृहीतक म्हणून आलं, तर टिकेल का? मित्रांनो, आज तेवढंच तपासू.

उदाहरण म्हणून मुळशी तालुक्यातली अ‍ॅम्बी व्हॅली घेऊ. लोणावळ्याजवळच्या डोंगरात सहारा समूहाने उभारलेली ही खासगी वसाहत. तिच्यात 18 होलचं गोल्फ मैदान आहे. असं एक मैदान रोज साधारण 20 लाख लिटर पाणी पितं, हा आकडा लेखांतून फिरत असतो. तो अमुक एका मैदानाचा नाही, ढोबळ आहे. तरी तूर्त धरून चालू.

आता भागाकार करा. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरने भागलं, की 36 हजारांहून जास्त माणसांचं रोजचं पाणी निघतं. झाली बातमी तयार! आता तेच पाणी उसाने भागा. कोरडे आठ महिने, म्हणजे 240 दिवस धरले, तर 4 लाख 80 हजार घनमीटर होतात. पाटपाण्यावरच्या एक हेक्टर उसाला 20 ते 25 हजार घनमीटर धरलं, तर हे पाणी जेमतेम 19 ते 24 हेक्टर उसाचं. म्हणजे पन्नास-साठ एकर. माजलगाव-गेवराईकडे एवढा ऊस एका शिवारात सापडेल.

आकडा एकच आहे. भाजक बदलला आणि आरोपी बदलला. म्हणून कुठलीही तुलना वाचताना पहिलं विचारायचं : भाजक कोणी निवडला, आणि दुसरा का नाही निवडला?

दुसरी अडचण खोऱ्याची. मुळशीचा घाटमाथा भीमेच्या खोऱ्यात येतो. बीड जिल्ह्याचा बहुतेक भाग गोदावरीच्या खोऱ्यात आहे. सिंदफणा आणि मांजरा या आपल्या नद्या. भीमेच्या खोऱ्यात येतो तो मुख्यतः आष्टीकडचा भाग. तिकडचा गोल्फ उद्या बंद केला, तरी माजलगाव धरणात थेंबभरही वाढ होणार नाही.

मग गोल्फ निर्दोष का? अजिबात नाही. आपण त्याला चुकीच्या कलमाखाली पकडलंय, एवढंच. हे समजायला जपानकडे बघावं लागतं.

तिथे सपाट जमीन शहरांनी आणि भातशेतीने व्यापलेली, म्हणून गोल्फ डोंगरावर चढला. जंगल तोडलं, माथे कापले, दऱ्या भरल्या. एकेका खासगी क्लबने दोन-दोन, तीन-तीन मैदानं केली. 1987च्या रिसॉर्ट कायद्याने या प्रकाराला आणखी बळ दिलं. सभासद व्हायचं तर मोठी ठेव भरायची, आणि ते सभासदत्व बाजारात शेअरसारखं विकलंही जायचं. 1990 नंतर भाव कोसळले. ठेवी परत द्यायची वेळ आली तेव्हा कितीतरी क्लब दिवाळखोरीत गेले.

आता गंमत बघा. जपान भरपूर पावसाचा देश. तरीही तिथे गोल्फविरोधी चळवळ उभी राहिली, आणि 1993 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय रूप आलं. मुद्दे कोणते होते? तुटलेलं जंगल, हिरवळीवरची कीटकनाशकं, डोंगराखालच्या गावांचं पिण्याचं पाणी. म्हणजे पाणी मुबलक असलं तरी प्रश्न उरतोच. तो किती लिटर यापेक्षा डोंगर कोणाचा, पैसा कोणाचा आणि बुडालं तर कोणाचं, असा आहे.

या चष्म्यातून अ‍ॅम्बी व्हॅली पुन्हा बघा. फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जप्त करण्याचा आदेश दिला. कारण पाणी नव्हतं, गुंतवणूकदारांचे थकलेले पैसे होते. आणि याच मुळशीत 1921 मध्ये धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह झाला होता. जमीन आणि भांडवल हा धागा पकडला, तर गोल्फवर भक्कम प्रबंध होऊ शकतो.

पण तुमचा विषय बीडची तहान असेल, तर गोल्फ सोडा. तो सोपा आरोपी आहे, कारण खेळणारा आपल्या ओळखीचा नसतो. उसाबद्दल विचारायचं तर भावकीत विचारावं लागतं, कारखान्याच्या सभेत विचारावं लागतं. तिथेही घाई नको. शेतकरी ऊस लावतो कारण त्याला एफआरपीचा आधार आहे. कापसाच्या, सोयाबीनच्या भावाचा भरवसा नाही. आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या हजारो ऊसतोड कुटुंबांना ना त्या पाण्यात वाटा, ना त्या भावात.

तेव्हा आराखडा लिहिताना चार गोष्टी आधी नोंदवा : आकडा कुठून आला, भाजक कोणता, खोरं कोणतं, आणि या तुलनेत कोण दिसतच नाही. चौथ्याचं उत्तर द्यायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. लागू द्या.