आशयव्यवस्थापन प्रणालीतून हायब्रिड ॲप : तीन पद्धतींची चिकित्सा

१

लेख, चित्रे, वर्गवारी आणि लेखकांच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये साठवून त्या वाचकापुढे पानांच्या रूपाने मांडणारी जी संगणकीय व्यवस्था, तिला आशयव्यवस्थापन प्रणाली म्हणतात. ड्रुपल ही अशी प्रणाली २००१ साली व वर्डप्रेस ही २००३ साली प्रसिद्ध झाली. ह्या दोन्ही प्रणाली मुक्त परवान्याच्या असल्यामुळे अल्प साधनांच्या संस्थांनाही आपले प्रकाशन स्वतः चालविता येऊ लागले. परंतु त्यांचा जन्म मेजावरच्या संगणकाच्या काळातला. वाचक मोबाइलकडे वळल्यावर, संकेतस्थळावर असलेला आशय ॲपमध्येही कसा न्यावा, हा प्रश्न अशा प्रत्येक संस्थेपुढे उभा राहिला. ह्या प्रश्नाला मिळालेले सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय उत्तर म्हणजे हायब्रिड ॲप.

हायब्रिड ॲपची रचना थोडक्यात अशी असते. बाहेरून ते इतर कोणत्याही ॲपसारखेच दिसते. त्याला चिन्ह असते, ते ॲपच्या दुकानातून उतरवून घ्यावे लागते. आत मात्र एक वेबव्ह्यू, म्हणजे पत्त्याची पट्टी व बटणे नसलेला ब्राउझर, असतो आणि सर्व पडदे एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्ट ह्यांत लिहिलेले असतात. कॅमेरा, संपर्कसूची, सूचना ह्यांसारख्या फोनच्या शक्ती वेबव्ह्यूला स्वतःहून लाभत नाहीत. त्या मिळवून देण्यासाठी कवच आणि पान ह्यांच्यामध्ये प्लगइनांचा पूल बांधावा लागतो. वेबची भाषा जाणणाऱ्याला नवी भाषा न शिकता ॲप करता यावे आणि एकच लेखन आयफोन व अँड्रॉइड ह्या दोहोंवर चालावे, हा ह्या रचनेमागचा मूळ हेतू.

ह्या पद्धतीविषयी जे लिहिले जाते त्यात दोन विधाने वारंवार आढळतात. पहिले असे की, संकेतस्थळ तयार असले म्हणजे ॲप जवळजवळ तयारच आहे. दुसरे असे की, हायब्रिड ॲप मूळ ॲपपेक्षा मंद चालते, एवढाच काय तो त्याचा दोष. ही दोन्ही विधाने तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण त्यांच्या आधारे अनेक लहान प्रकाशनसंस्था आपला मर्यादित निधी खर्च करीत असतात.

२

प्रथम इतिहास पाहू जाता असे दिसते की, २००७ च्या जूनमध्ये आयफोन विक्रीस आला तेव्हा बाहेरच्या रचनाकारांना केवळ वेबची पानेच करण्याची मुभा होती. ॲपचे दुकान २००८ च्या जुलैमध्ये उघडले. त्याच वर्षी कॅनडातील नायटोबी ह्या कंपनीच्या मंडळींनी फोनगॅपची सुरुवात केली. नावातच त्याचे प्रयोजन आहे : फोन आणि वेब ह्यांच्यामधली फट बुजविणे. २०११ मध्ये अडोबीने ती कंपनी विकत घेतली आणि मूळ संहिता अपाची प्रतिष्ठानाकडे सोपविली. तीच पुढे कॉर्डोव्हा ह्या नावाने प्रसिद्ध झाली. २०१३ मध्ये आयोनिक हे कॉर्डोव्हावर आधारलेले साधन आले व २०१९ मध्ये त्याच मंडळींनी कपॅसिटर हे नवे कवच सिद्ध केले.

ह्या इतिहासातील एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. फोनगॅपच्या कर्त्यांनी आपले साधन अखेर नाहीसे व्हावे हेच त्याचे उद्दिष्ट असल्याचे उघडपणे लिहिले होते. ब्राउझर स्वतःच समर्थ झाले की पुलाची गरज उरणार नाही, अशी त्यांची धारणा होती. प्रत्यक्षात साधन नाहीसे झाले, पण वेगळ्या कारणाने : अडोबीने फोनगॅप व त्याची मेघाधारित बांधणीसेवा १ ऑक्टोबर २०२० रोजी बंद केली. जी ॲपे केवळ ह्या सेवेवर बांधली जात होती, त्यांच्या चालकांना दुसरी वाट शोधावी लागली. कवचाचे आयुष्य आशयाच्या आयुष्याहून पुष्कळ कमी असते, हा ह्या घटनेचा बोध. आणि पुढील विवेचनाचा तोच आधार आहे.

३

आशयप्रणालीतून हायब्रिड ॲप काढण्याच्या ज्या पद्धती रूढ झाल्या, त्या तीन वर्गांत मांडता येतात.

पहिल्या पद्धतीत कवच उघडताच थेट संकेतस्थळच वेबव्ह्यूत येते. वर्डप्रेससाठी निघालेल्या ॲपप्रेसर ह्या साधनाचा आरंभीचा मार्ग हाच होता : संकेतस्थळाला मोबाइलयोग्य थीम द्यावयाची, कॉर्डोव्हाचा पूल जोडावयाचा आणि ते पान ॲपच्या आत दाखवावयाचे. ह्या मार्गाचा गुण नाकारण्याजोगा नाही. सदस्यत्व, खरेदी, प्रतिक्रिया असे जे जे संकेतस्थळावर आहे, ते सर्व विनासायास ॲपमध्ये येते आणि संपादकाला एकच जागा सांभाळावी लागते. परंतु जाळे तुटले की ॲपही संपते. आगगाडीत, डोंगराळ गावात किंवा दिवसाचा डेटा संपल्यावर वाचकाच्या हाती कोरा पडदा येतो. ज्याने जागा खर्च करून ॲप उतरवून घेतले, त्याला ब्राउझरहून अधिक काही मिळाले नाही. ॲपलच्या नियमावलीतही, ॲप हे केवळ पुन्हा गुंडाळलेले संकेतस्थळ असू नये, अशी स्पष्ट अट आहे. तसेच साच्यातून काढलेली ॲपे आशयाच्या मालकाने स्वतःच्या नावे सादर केली तरच स्वीकारण्याचा नियम २०१७ पासून आहे.

दुसऱ्या पद्धतीत पडद्यांचे साचे ॲपच्या आतच असतात आणि संकेतस्थळाकडून फक्त आशय मागविला जातो. डब्ल्यूपी-ॲपकिट ह्या साधनाने हा मार्ग घेतला. वर्डप्रेसमध्ये बसविलेला प्लगइन लेखांच्या याद्या जेसन ह्या स्वरूपात पुरवितो. ॲपच्या थीम त्या याद्यांतून पडदे रचतात. आलेले लेख फोनमध्ये साठविता येत असल्याने जाळ्याशिवायही वाचन चालू राहते. पुढे २०१६ च्या डिसेंबरात वर्डप्रेसच्या ४.७ ह्या आवृत्तीत आशयाचा रेस्ट एपीआय मूळ प्रणालीतच समाविष्ट झाला आणि ह्या पद्धतीला भक्कम पाया मिळाला.

तिसरी पद्धत ड्रुपलच्या परिसरात वाढली. ड्रुपलगॅप हे साधन फोनगॅपच्या कवचाला ड्रुपलशी जोडीत असे. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीपासून फील्डची कल्पना मूळ प्रणालीत असल्याने लेखाचे शीर्षक, लेखक, स्थळ, दिनांक, चित्र ही अंगे वेगवेगळी साठविता येत व ॲपकडेही वेगवेगळीच पोहोचत. त्या सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार २०२५ च्या जानेवारीत संपला. तथापि तिच्यातील तत्त्व टिकून आहे. २०१९ च्या मे महिन्यात ८.७ ह्या आवृत्तीत जेसन:एपीआय हा भाग ड्रुपलच्या गाभ्यात आला आणि फील्डशः आशय मागविण्याची सोय कायमची झाली.

४

दुसरी पद्धत पहिलीहून श्रेष्ठ आहे ह्यात संशय नाही. परंतु तिच्यापुढेही एक अडचण उभी राहते, आणि ती मंदगतीची नाही.

वर्डप्रेसचा एपीआय लेखाचा मजकूर देतो तो तयार एचटीएमएलच्या रूपात. म्हणजे संकेतस्थळाच्या पानासाठी जे शिजविले गेले तेच ॲपच्या पानात वाढले जाते. एखाद्या संशोधनपर लेखाचे उदाहरण घेता येईल. त्यात तळटीपा आहेत, एक रुंद कोष्टक आहे आणि शिलालेखाच्या ठशाचे एक चित्र आहे. संकेतस्थळावर तळटीपा एका प्लगइनच्या साह्याने दिसतात. त्या प्लगइनचे सीएसएस व जावास्क्रिप्ट पानाबरोबर येते. एपीआयमधून मात्र केवळ मजकूर येतो, ते साहित्य येत नाही. परिणामी ॲपमध्ये तळटीपेचा आकडा दिसतो, पण तो दाबला तरी काहीच घडत नाही. कोष्टक पडद्याबाहेर जाते. चित्राखालची ओळ हे चित्राचे वर्णन आहे की पुढचा परिच्छेद, हे ॲपला कळण्याचा खात्रीचा मार्ग नसतो. संपादकाच्या मनात असलेली लेखाची रचना वाटेत हरवते आणि उरतो तो मजकुराचा गोळा.

२०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेसच्या ५.० ह्या आवृत्तीत ब्लॉकांची संपादनरीत आली. आता परिच्छेद, चित्र, कोष्टक ह्यांना स्वतंत्र ओळख आहे. परंतु ही ओळख एचटीएमएलमधील टिप्पणींच्या रूपाने त्याच मजकुरात लिहिली जाते आणि सर्वसामान्य वाचनासाठी पाठविलेल्या उत्तरातून ती गाळली जाते. मूळ मजकूर मिळतो तो केवळ संपादनाचा अधिकार असलेल्यालाच. ॲपसाठी ही रचना हवी असेल तर ती उघड करण्याचे काम वेगळे करावे लागते. म्हणजे पहिल्या विधानातील ‘जवळजवळ’ ह्या शब्दातच खरा खर्च दडलेला आहे.

देवनागरी लिपीत प्रकाशन करणाऱ्यांना आणखी दोन गोष्टींची दखल घेणे प्राप्त आहे. वर्डप्रेसचा एपीआय देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह सहा रोमन चिन्हांच्या सांकेतिक रूपात पाठवितो; युटीएफ-८ मध्ये त्याच चिन्हाला तीन बाइट लागतात. दळणवळणात संकोचन चालू नसेल तर मराठी लेखाचा भार अशा रीतीने दुप्पट होतो. दुसरे असे की, लेखाच्या पत्त्यातील नाममुद्रेला वर्डप्रेसमध्ये २०० चिन्हांची मर्यादा आहे आणि देवनागरीचे एक अक्षरचिन्ह तेथे नऊ चिन्हे व्यापते. बावीसेक चिन्हांनंतर शीर्षक तुटते. काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जात असल्याने मराठीतील साधेसे शीर्षकही पुरे मावत नाही. ॲपमधील दुवे ह्या नाममुद्रेवर न बेतता लेखाच्या क्रमांकावर बेतणे म्हणूनच हितावह ठरते.

५

आता मंदगतीचा आक्षेप. त्याला ऐतिहासिक आधार निश्चितच आहे. फेसबुकने २०१२ च्या ऑगस्टमध्ये आयफोनवरील आपले ॲप मूळ भाषेत नव्याने लिहिले आणि पुढच्याच महिन्यात मार्क झुकरबर्ग ह्यांनी एचटीएमएल-५ वर वाजवीपेक्षा अधिक भिस्त ठेवल्याची चूक जाहीरपणे मान्य केली. परंतु तो काळ वेगळा होता. अँड्रॉइडच्या ४.४ ह्या २०१३ मधील आवृत्तीपर्यंत वेबव्ह्यू जुन्या यंत्रणेवर चाले. २०१४ मधील ५.० पासून तो फोनच्या मूळ प्रणालीपासून स्वतंत्रपणे अद्ययावत होऊ लागला. ॲपलनेही २०१४ मध्ये नवा वेबव्ह्यू दिला व जुन्यावर बेतलेली नवी ॲपे स्वीकारणे २०२० च्या एप्रिलपासून थांबविले. शिवाय फेसबुकच्या अखंड सरकणाऱ्या, क्षणोक्षणी बदलणाऱ्या यादीची तुलना लेख वाचण्याच्या ॲपशी करणे सयुक्तिक नाही. वाचनासाठी वेबव्ह्यू पुरेसा आहे. किंबहुना मजकूर मांडणे हेच ब्राउझरचे मूळ काम.

तेव्हा दोष शोधावयाचा तो कवचाच्या गतीत नव्हे, तर कोठाराच्या रचनेत. अमेरिकेतील एनपीआर ह्या सार्वजनिक नभोवाणीसंस्थेने हा मुद्दा लवकर ओळखला होता. एकदा निर्माण करावे आणि सर्वत्र प्रकाशित करावे, हे तिचे धोरण डॅनियल जेकबसन ह्यांनी २००९ मध्ये मांडले. त्यात आशय आणि त्याची मांडणी ह्यांची फारकत साठवणुकीच्या वेळीच करण्यावर भर होता. एकाच कोठारातून संकेतस्थळ, फोन आणि सभासद केंद्रे ह्या सर्वांना पुरवठा होत असे. ॲपचे यश तेथे ॲपच्या आधी ठरले होते.

ह्या कसोटीवर तिसरी पद्धत सर्वांत उजवी ठरते. पण ती निर्दोष आहे असे नव्हे. फील्डांची सोय असूनही संपादक जर सर्व काही एकाच मुख्य मजकुराच्या चौकटीत चिकटवीत राहिला, तर ड्रुपलमधूनही गोळाच बाहेर पडेल. उलट, वर्डप्रेसमध्येही स्वतंत्र लेखप्रकार व फील्ड योजून शिस्त पाळता येते. प्रणाली शक्यता देते. शिस्त संपादकवर्गाने लावावयाची असते. शिवाय फील्ड ठरविण्याचे काम वेळखाऊ आहे, त्याचे फळ तत्काळ दिसत नाही, आणि ॲप विकणाऱ्याला त्यात स्वारस्य नसते. लहान संस्थेला पहिली पद्धत मोहात पाडते ती ह्याच कारणाने.

६

सारांश, संकेतस्थळ तयार म्हणजे ॲप तयार हे विधान पहिल्या पद्धतीपुरते शब्दशः खरे आहे आणि म्हणूनच ती पद्धत वाचकाच्या दृष्टीने सर्वांत दरिद्री आहे. मंदगतीचा आक्षेप वाचनप्रधान ॲपांच्या बाबतीत आता गौण झाला आहे. निर्णायक प्रश्न आशयाच्या साठवणुकीचा आहे.

ज्या संस्थेजवळ निधी अल्प आहे, तिने तो कोठे खर्चावा ह्याचे उत्तरही ह्यातून निघते. जुन्या अंकांतील लेखांची अंगे वेगळी करून नोंदविणे, चित्रांना वर्णने देणे, तळटीपा तळटीपा म्हणून साठविणे, ह्यावर झालेला खर्च कवच बदलले तरी वाया जात नाही. आकर्षक कवचावर झालेला खर्च मात्र ते कवच बंद पडताच बुडतो. फोनगॅपची बांधणीसेवा बंद झाली तेव्हा हेच दिसून आले. हायब्रिड ॲपची परीक्षा करताना, उद्या हे कवच काढून टाकले तर मागे काय उरेल, हा प्रश्न प्रथम विचारावा. त्याचे उत्तर समाधानकारक असेल तर आजचे ॲप थोडे साधे असले तरी चालेल.