रेमो फर्नांडिस : घरचें गाणें, परकी भाषा

इंग्रजींत गाणाऱ्या गोवेकराचा परामर्श मराठी मासिकानें कां घ्यावा, असें वाचक विचारतील. आम्हीं पंचवीस वर्षें इंग्रजी शिकविली, आणि परभाषेंतील गाण्यास आपल्या मातीचा वास येणें नाहीं, हें मत वर्गांत निःशंकपणें सांगितलें. रेमो फर्नांडिस यांच्या ध्वनिफिती पुन्हां ऐकल्यावर तें मागें घेणें आम्हांस भाग आहे.

१९५३ सालीं जन्मलेल्या फर्नांडिसांनीं मुंबईस स्थापत्याचें शिक्षण घेतलें, युरोप व उत्तर आफ्रिकेंत भ्रमंती केली, आणि ते गोव्यास परतले. 'गोवन क्रेझी' (१९८४) ही ध्वनिफीत त्यांनीं शिवोलीच्या घरींच, चार पदरी साध्या यंत्रावर मुद्रित केली. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, वाद्येंहि त्यांनींच वाजविलेलीं. आणि स्कूटरवरून दुकानोदुकानीं माल पोंचविणारेहि तेच! भाषा इंग्रजी खरी. पण तिचा हेल, तिची थट्टा, बोलतां बोलतां शेजाऱ्यास मारलेली कोपरखळी, हें सारें गोव्याच्या ओसरीवरचें आहे.

लोकगीत आणि रॉक यांच्या ह्या संकरावर नाक मुरडणारांनीं मांडो आठवावा. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतील हा गीतप्रकार संकरांतूनच जन्मला : शब्द कोंकणी, स्वरमेळ युरोपीय, साथीला व्हायोलिन आणि मातीचें घुमट. 'ओल्ड गोवन गोल्ड' (१९८५) मध्यें जुन्या कोंकणी गाण्यांभोवतीं नवीं वाद्यें आलीं, तीं ह्याच वाटेनें. आमच्या रत्नागिरीकडील नमन-खेळ्यांतहि मृदंगाशेजारीं आतां कीबोर्ड बसतो. आम्ही कुरकुरतों; पण तो बसतो खरा.

'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) ह्या अंमली पदार्थांविरुद्धच्या शीर्षकगीताविषयीं मात्र आम्हांस तितकें प्रेम नाहीं. हेतु स्तुत्य आहे. परंतु तेथें उपदेशक कवीच्या पुढें धांवतो.

खरी हानि झाली ती हिंदी चित्रपटांनीं. बेनेगलांच्या 'त्रिकाल' (१९८५) मध्यें गोष्टच गोव्याची होती, त्यामुळें फर्नांडिस तेथें घरचे वाटले. पुढें 'बॉम्बे' (१९९५) मधील 'हम्मा हम्मा' रहमानांच्या चालीवर, 'प्यार तो होना ही था' (१९९८) जतिन-ललित यांच्या चालीवर त्यांनीं गाइलें. दोन्हीं ठिकाणीं शब्दहि दुसऱ्यांचेच. आवाजांतील तो खरखरीत उत्साह देशभर पोंचला, आणि गाणीं रचणारा मनुष्य मागें राहिला. २००७ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हांहि गोव्याबाहेरील बहुतेकांना आठवला तो हा आवाजच.

परवां वर्गांत आम्हीं मुलांस विचारून पाहिलें. 'हम्मा हम्मा' सर्वांनीं बांकांवर ठेका धरून म्हणून दाखविलें. 'गोवन क्रेझी'चें नांव एकानेंहि ऐकलेलें नव्हतें.