प्रतिकृती नेमकी कशाची?

मंडळी, अठराव्या शतकातल्या युरोपीय आडव्या बासरीची हुबेहूब प्रतिकृती करायची, म्हणजे कशाची? बॉक्सवुड अडीचशे वर्षांत आकसतं, आतली गोल पोकळी लंबगोल होते. आजचं माप घेतलं, तर नक्कल होते ती तिच्या म्हातारपणाची! शिवाय पुष्कळ कारागीर पट्टी ४१५ हर्ट्झवर आणतात. ही आजची सोय. तेव्हा पट्टी गावागणिक बदलायची. इथवर मी समजून घेतो.

पण वरचं भोक उघडं ठेवून खालची झाकली की काही स्वर दबके निघतात. ते ‘सुधारून’ सगळे सारखे करतात, तिथे माझी हरकत आहे. त्या दबकेपणामुळेच दर पट्टीला स्वतःचा रंग होता. क्वांट्झचा १७५२ चा ग्रंथ वाचायचा आणि वाजवायची मात्र आजच्या कानाची बासरी? मग जुनं काय ऐकलं आपण?