पश्चिमाभिमुख, ३० बाय ४०: एका तयार नकाशाचं वाचन

पुस्तकाचं परीक्षण होतं, सिनेमाचं होतं, घराच्या नकाशाचं मात्र कुणी करत नाही. खरं तर सिनेमा अडीच तासांत संपतो आणि नकाशात माणूस तीसेक वर्षं राहतो. म्हणून आज एक नकाशा घेतोय. ३० बाय ४० फुटांचा प्लॉट, रस्ता पश्चिमेला, टू बीएचके, ‘वास्तुप्रमाणे’. असे नकाशे स्टेशनरीच्या दुकानातल्या पुस्तकांत मिळतात, मोबाइलवर फिरतात, आणि थोडाफार फरक करून तालुक्याच्या गावांत सर्रास बांधले जातात. माझ्यासमोरचा हा सातारा जिल्ह्यातल्या माझ्या मामाकडून आला. मामा-मामींची आयुष्यभराची शिल्लक त्यात जाणार आहे आणि दिवाळीनंतर पाया खणायचा आहे.

आधी नकाशा काय म्हणतो ते पाहू. बांधकाम २४ बाय ३२. पुढे वायव्येला हॉल, नैऋत्येला मोठी बेडरूम. मध्ये डायनिंग. मागे आग्नेयेला स्वयंपाकघर, ईशान्येला १० बाय १० ची दुसरी बेडरूम. मोठ्या बेडरूमचं अटॅच्ड बाथरूम दक्षिणेच्या भिंतीला, स्वयंपाकघराला चिकटून. डायनिंगमधून एक कॉमन टॉयलेट. कागदावर बघायला छान वाटतो, पलंगावर दोन उश्यासुद्धा काढल्यात.

वास्तूवर वाद घालायचा इथे हेतू नाही. माझा विषय भिंतीतून जाणारी उष्णता, त्यामुळे मी नकाशाला तोच प्रश्न विचारतो: मे महिन्यात रात्री ११ वाजता पलंगाशेजारची भिंत किती तापलेली असेल?

साताऱ्याचा अक्षांश साधारण १७.७ अंश. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. मार खातात ते छप्पर, आणि सकाळी पूर्वेची, संध्याकाळी पश्चिमेची भिंत. त्यातही पश्चिम जास्त वाईट, कारण हवा आधीच तापलेली असते.

आता भिंत. पक्क्या विटांची ९ इंची भिंत बाहेरची उष्णता लगेच आत सोडत नाही. दिवसाच्या चढउताराची लाट तिच्यातून पलीकडे पोचायला साधारण ७ ते ८ तास घेते. (जाडी आणि उष्णता पसरण्याचा वेग घेऊन हे गणित कागदावर चार ओळींत होतं. ६ इंची भिंतीला सुमारे ५ तास येतात.) पश्चिमेची भिंत बाहेरून सगळ्यात जास्त तापते ४-५ च्या सुमारास. त्यात ७ मिळवा, ११ ते १२ वाजतात. बाहेर हवा गार व्हायला लागलेली असते आणि आत उशाची भिंत नुकती रंगात आलेली असते! या नकाशात पलंगाचं डोकं बरोबर त्याच भिंतीला आहे. आणि ज्या दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात ऊन लागत नाही, तिला बाथरूमचं कवच दिलंय.

पश्चिमेला दोन मोठ्या खिडक्याही आहेत, वर २ फुटी छज्जा. दक्षिणेच्या खिडकीला तो छज्जा छान काम करतो: उन्हाळ्यात ऊन अडवतो, डिसेंबरात दुपारचा सूर्य ४९ अंशांपर्यंतच चढतो म्हणून खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येऊ देतो. पश्चिमेला हे चालत नाही. मे महिन्यात संध्याकाळी ५ वाजता सूर्य क्षितिजापासून २७ अंशांच्या आसपास असतो, आणि २ फुटी छज्ज्याची सावली खिडकीवर जेमतेम १ फूट उतरते. खिडकी ४ फुटांची. उरलेले ३ फूट ऊन सरळ गादीवर.

हे सुधारायला नैऋत्येची बेडरूम हलवावी लागत नाही. बाथरूम आणि कपाटं पश्चिमेच्या भिंतीला न्यायची, पलंग आत सरकवायचा, खिडक्या दक्षिणेला काढायच्या. भिंत तापेना का, तिच्याशेजारी कुणी झोपलेलं नसेल. जिना बाहेरून असेल तर तोही पश्चिमेलाच घ्यावा, फुकटची सावली. नकाशा काढणाऱ्याची बाजूही सांगतो: बाथरूम स्वयंपाकघराला चिकटून असलं की पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप एकत्र येतात, खर्च वाचतो. हा मुद्दा खराच आहे. पण पाइपचा खर्च एकदाच होतो, मे महिना दर वर्षी येतो.

मापांबद्दल थोडक्यात, कारण ही लबाडी सगळ्याच तयार नकाशांत असते. दुसरी बेडरूम ‘१० बाय १०’. पण माप भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरलंय. ६ इंची भिंती आणि दोन्हीकडचं अर्धा-अर्धा इंच प्लॅस्टर वजा केलं की हातात ९ फूट ५ इंच उरतात. साडेसहा फुटांचा पलंग, पायथ्याशी २ फूट खोल कपाट. मध्ये उरले ११ इंच. कपाट उघडायचं तर पलंगावर उभं राहून.

आता मला सगळ्यात रस आहे तो भाग. लंडनच्या बिल हिलियर आणि जुलियन हॅन्सन यांनी १९८४ मध्ये ‘द सोशल लॉजिक ऑफ स्पेस’ हे पुस्तक लिहिलं. त्यातली एक युक्ती घरबसल्या करता येते. प्रत्येक खोलीचा एक बिंदू काढा, जिथे दार असेल तिथे दोन बिंदू रेघेने जोडा, ‘बाहेर’ हाही एक बिंदू धरा. खोल्यांची मापं, दिशा, फर्निचर सगळं विसरा. उरतं ते फक्त कोण कुठून कुठे जाऊ शकतं एवढंच.

आपल्या नकाशात ८ बिंदू आणि ७ रेघा येतात. बाहेरून हॉल, हॉलमधून डायनिंग, आणि डायनिंगमधून सगळ्या फांद्या. गणितात याला ‘झाड’ म्हणतात: कुठूनही कुठेही जायला नेमका एकच रस्ता. याचा रोजच्या जगण्यातला अर्थ काय? स्वयंपाकघर बाहेरून तिसऱ्या पायरीवर आहे आणि त्याला दुसरी वाट नाही. हॉलमध्ये पाहुणे बसलेत आणि मामीला ओला कचरा टाकायचाय, भाजीवाल्याला हाक मारायचीय किंवा नुसतं बाहेर जाऊन बसायचंय, तर पाहुण्यांसमोरूनच जावं लागणार. घरात सगळ्यात जास्त वेळ काढणाऱ्या माणसाची प्रत्येक हालचाल हॉलमध्ये बसलेल्याच्या नजरेखालून.

गावाकडच्या जुन्या घराचं असंच चित्र काढून बघा. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, परसदार, आणि घराच्या कडेने बोळातून परत अंगण. रेघा एकमेकींना मिळून कडं तयार होतं. कडं असलं की वाट निवडता येते, कुणाला टाळताही येतं.

पण म्हणून ‘जुनं ते सोनं’ म्हणायला मी तयार नाही, आणि इथेच या पद्धतीची मर्यादा दिसते. मागचं दार ही बायकांची सोय होती, तशीच बायकांना आणि ‘खालच्या’ ठरवलेल्या माणसांना पुढच्या दारापासून लांब ठेवायचीही सोय होती. दोन्हीचं चित्र तंतोतंत सारखंच येतं. दार कुठे आहे ते बिंदू-रेघा सांगतात, ते कुणासाठी आहे ते नाही. अंधारं माजघरही त्या कागदावर उजेडाच्या हॉलसारखाच एक ठिपका असतो. हिलियर-हॅन्सन वाचून घराचा निवाडा करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तर बरं.

तरीही या नकाशाला माझी एकच मोठी दुरुस्ती आहे: स्वयंपाकघराला पूर्वेकडे दार. त्याबाहेर धुण्याभांड्याचा कट्टा, आणि कडेच्या मोकळ्या जागेतून पुढे यायला फरशी. सात रेघांच्या आठ होतात आणि झाडाचं कडं होतं. शिवाय उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. पुढच्या खिडक्यांतून शिरलेल्या वाऱ्याला हे दार उघडं मिळालं तर फोडणीचा धूर हॉलकडे न येता मागे निघून जाईल.

मामाला बाथरूम हलवायचं पटलं, खोलीची मापंही मिस्त्रीला आतून-आतून घ्यायला सांगितली. मागच्या दारावर गाडं अडलंय. त्याचं म्हणणं, दोघंच म्हातारे राहणार, मागे शेत, आणखी एक दार म्हणजे रात्री आणखी एक कडी तपासायची. मामी म्हणते, कडी मी लावीन, दार हवं. गेल्या रविवारी मिस्त्रीने विटांच्या हिशोबात ते धरलेलं नव्हतं. मामीने पेन्सिलने धरायला लावलंय.