उपवासकाळातील उपासना आणि मराठी गीतांची निवड : एक चिकित्सा

प्रास्ताविक

राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचा, रविवार वगळता ४० दिवसांचा काळ ख्रिस्ती उपासनावर्षात उपवासकाळ म्हणून पाळला जातो. मराठी ख्रिस्ती गीतांचा विचार बहुधा कवीच्या अंगाने होतो. कोणते गीत कोणत्या रविवारी गायिले जावे, हा प्रश्न मात्र व्यवस्थेचा समजून गायकवृंदावर सोडला जातो. वस्तुतः गीताची निवड हे त्या गीताचे अर्थनिर्णयनच असते. या दृष्टीने सदर निवडीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपवासकाळाची अंतर्गत रचना

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ मधील उपासनाविषयक संविधानाने या काळाची दोन अंगे सांगितली आहेत : बाप्तिस्म्याचे स्मरण वा त्याची तयारी, आणि प्रायश्चित्त. रोमन कॅथलिक पठनक्रमात पहिल्या रविवारी अरण्यातील परीक्षा व दुसऱ्या रविवारी ख्रिस्ताचे रूपांतर हे प्रसंग दरवर्षी येतात. तीन वर्षांच्या चक्रातील ‘अ’ वर्षी त्यानंतर अनुक्रमे शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजर यांच्या कथा वाचल्या जातात. पाणी, प्रकाश आणि जीवन असा हा चढता क्रम आहे. दुःखसहनाचे सविस्तर कथन झावळ्यांच्या रविवारी येते. या काळात हालेलुया गायिला जात नाही आणि चौथा रविवार व मोठे सण सोडल्यास वाद्यांचा उपयोग गायनाला आधार देण्यापुरताच करावा, असा दंडक आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांवर हे दंडक बंधनकारक नसले तरी त्यामागील क्रमविचार त्यांनाही उपयुक्त ठरणारा आहे.

पूर्वरंग आणि उत्तररंग

हा क्रम मराठी मनाला परका नाही. कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान लागते. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली तेव्हा ही चौकट मंडळीच्या परिचयाची झाली. उपवासकाळाचे पहिले आठवडे हा पूर्वरंग मानला, तर पवित्र सप्ताह हे आख्यान ठरते. पूर्वरंगातच आख्यान उरकणाऱ्या कीर्तनकाराजवळ उत्तररंगासाठी काय उरणार? पहिल्याच रविवारपासून क्रूसाची गीते गाणाऱ्या मंडळीची अवस्था याहून वेगळी नसते. शुभ शुक्रवार येईपर्यंत शोकभाव सरावाने बोथट झालेला असतो.

या दोषाचे मूळ गीत शब्दावरून निवडण्याच्या सवयीत आहे. ‘क्रूस’, ‘रक्त’, ‘वधस्तंभ’ हे शब्द दिसले की गीत उपवासकाळाचे ठरते आणि ते नसले की बाजूला पडते. परिणामी मराठीजवळ जे विशेषत्वाने आहे तेच वगळले जाते. करुणापर अभंगातील आत्मपरीक्षण, अपराधाची कबुली, शरणागती हा या काळाच्या पूर्वार्धाचा खरा भाव होय. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आल्याचे मानले. ख्रिस्ताला गुरुमाउली मानणाऱ्या त्यांच्या रचनांत क्रूसाचा उल्लेख असेलच असे नाही. परंतु परतून येणाऱ्या लेकराची आर्तता तेथे आहे. अशी गीते पहिल्या चार आठवड्यांत अधिक अर्थपूर्ण ठरतील.

दोन आक्षेप

अभंगातील ‘मी’ वैयक्तिक असून उपासना सामुदायिक असते, असा एक आक्षेप संभवतो. तथापि दिंडीत शेकडो कंठांतून उमटणारा ‘मी’ एकट्याचा राहत नाही. प्रत्येकाने स्वतःचा अपराध स्वतःच्या तोंडाने, पण सर्वांसमवेत उच्चारणे हेच सामुदायिक प्रायश्चित्त होय.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. मंडळीला अपरिचित गीत दिल्यास गायन खालावते व उपासना गायकवृंदाची मक्तेदारी होते. हा आक्षेप ग्राह्य आहे. म्हणूनच दर रविवारी नवे गीत देण्याऐवजी एकच करुणापर गीत प्रारंभी निवडून चार आठवडे तेच आळवणे इष्ट ठरेल. ध्रुवपद पाठ झाले की अर्थाकडे लक्ष वळते. पवित्र सप्ताहासाठी फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’तील निवडक ओव्यांचे, कठीण शब्दांचा अर्थ सांगून, वाचन करता येईल.

निष्कर्ष

उपवासकाळातील गीतनिवडीचा निकष गीतातील शब्द नसून त्या गीताचे काळाच्या क्रमातील स्थान हा असावा. जे गीत मंडळीच्या मुखातून जाते ते पुढे फक्त पुस्तकात उरते. करुणापर रचना गायिल्या न गेल्यास मराठी ख्रिस्ती समाज पश्चात्तापाची आपलीच भाषा गमावून बसेल. शिवाय ज्याने ४० दिवस हालेलुया आवरून धरला नाही, त्याला पुनरुत्थानाच्या पहाटे तो नव्याने सापडणार नाही.